पडद्यावरची अक्षरे रोज का बिघडतात?



संगणक ही साहेबाच्या टेबलावरची वस्तू, असे एके काळी आपण धरून चालत होतो. आता ती वस्तू दहा बाय बाराच्या खोलीतही येऊन बसली आहे. मुलांचे प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्ती, भरतीच्या जाहिराती, सगळे पडद्यावर आल्यामुळे ती घरात आणण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मात्र कामगाराच्या घरात येणारा संगणक बहुधा नवा नसतो. एखाद्या कंपनीने पाच-सात वर्षे राबवून काढून टाकलेला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात झाडूनपुसून पुन्हा विकायला ठेवलेला, असा तो असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण अशा संगणकांची एक खोड आम्ही अनेक घरांत पाहिली, म्हणून हे लिहिण्यास बसलो. पडद्याची मांडणी नीट लावावी, अक्षरे स्वच्छ दिसू लागावीत, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच पुन्हा सगळे पहिल्यासारखे! लोक म्हणतात, 'सेटिंग सेव्ह होत नाही.' दुरुस्तीवाले म्हणतात, 'जुना माल आहे, चालवून घ्या.'

चालवून घेण्याची किंमत कोण मोजतो, ते आमच्या घरात आम्हाला दिसले.

आम्ही नवरा-बायको दोघेही कामाला जातो. घरात आई आहे आणि बारावी झालेली मुलगी आहे. भिशी लागली त्या महिन्यात साडेसात हजारांत पेटी, कीबोर्ड, माऊस आणि साडेअठरा इंची मॉनिटर असा सगळा संच आम्ही आणला. मुलीला संगणक टंकलेखनाची सरकारी परीक्षा द्यायची होती, मराठी, मिनिटाला तीस शब्दांची. क्लासमध्ये दिवसाला एक तास मशीन मिळते. बाकीचा सराव घरीच करावा लागतो. सरावाला तिची जोडीदार आजी. आजी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकली. तेव्हापासून दिसेल ते वाचते. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाही. नात टाईप करी आणि आजी पडद्यावर वाचून चुका काढी. या कामाचा तिला मोठा अभिमान.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अक्षरे बिघडू लागली. संध्याकाळी स्वच्छ असलेला पडदा सकाळी उघडला की अक्षरे आडवी फुगलेली, कडा पुसट, जणू ओल्या कागदावर शाई पसरली आहे. मुलगी सेटिंगमध्ये जाई. तिथे पडद्याचे आकडे असतात, १३६६ बाय ७६८ असे. त्याऐवजी १०२४ बाय ७६८ झालेले असत. ती योग्य आकडा निवडी. 'हे बदल ठेवायचे का?' असे संगणक विचारतो आणि १५ सेकंदांत उत्तर दिले नाही तर आपण होऊन मागे फिरतो. (ही सोय चांगल्या हेतूने आहे. निवडलेला आकडा मॉनिटरला झेपला नाही आणि पडदा काळा झाला, तर माणूस अडकून पडू नये.) ती 'ठेवा' म्हणे. दुसऱ्या सकाळी पुन्हा १०२४. कधी कधी तर यादीत १३६६ हा आकडाच नसे. मग दोन-तीन वेळा संगणक बंद-चालू करावा लागे.

इंग्रजी अक्षर थोडे पुसट झाले तर वाचता येते. मराठीचे तसे नाही. 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांत फरक एका बारीक रेघेचा. अनुस्वार म्हणजे एक ठिपका. 'कनिष्ठ' आणि 'कष्ट' पडद्यावर सारखेच काळे गोळे दिसू लागले. मुलीच्या चुका वाढल्या, वेग पंचविसाच्या खाली आला. 'माझी बोटंच जड आहेत' असे ती म्हणू लागली. परीक्षेचा फॉर्म या वेळी भरू नये, असेही बोलून दाखवू लागली.

आजी मात्र काहीच बोलत नव्हती. ती फक्त पडद्यापासून लांब बसू लागली. आदल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. एका सकाळी मुलगी अंघोळीला गेलेली असताना आजी पडद्यासमोर उभी राहून एकदा उजव्या डोळ्यावर तळवा धरी, एकदा डाव्या. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, 'काय नाय. ऑपरेशन वाया गेलं वाटतं. तुमच्या मागं आधीच खर्च हाय, म्हणून बोलले नाय.' तीन आठवडे ती हे मनात घेऊन वावरत होती.

दुसऱ्या दिवशी खाडा करून तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, डोळा उत्तम आहे. घरी आल्यावर तिची खात्री पटावी म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. पडद्यावर एक गोल आकृती काढली आणि तिच्या शेजारी हातातली बांगडी धरली. पडद्यावरचा गोल अंड्यासारखा आडवा दिसत होता, बांगडी मात्र गोलच होती. डोळा बिघडला असता तर बांगडीही अंड्यासारखी दिसली असती. आजीने बांगडी दोन-तीनदा फिरवून पाहिली. पडद्यावर नातीने आजोबांचा फोटो लावलेला आहे, त्याकडे बघून ती म्हणाली, 'तरीच म्हटलं, हे एवढे गुबगुबीत कधी होते?'

हा हिशेब तिसरी-चौथीच्या मुलालाही पटेल असा आहे. आमचा मॉनिटर आडवा, १६ बाय ९ या प्रमाणाचा. १०२४ बाय ७६८ हे प्रमाण जुन्या, जवळजवळ चौकोनी मॉनिटरचे, ४ बाय ३. ते चित्र आडव्या पडद्यावर ताणून भरले की प्रत्येक वस्तू एक-तृतीयांशाने रुंद होते. शिवाय पडद्यावर प्रत्यक्षात १३६६ उभ्या रांगा ठिपक्यांच्या आहेत. १०२४ रांगांचे चित्र त्यांच्यावर पसरवताना एका ठिपक्याचा रंग दोघांत वाटावा लागतो, म्हणून कडा धूसर होतात. बांगडीची ही परीक्षा कुणीही घरी करून पाहावी. बांगडी नसेल तर रुपयाचे नाणे चालते.

दोष पडद्यावर आहे हे कळले. पण त्याचे मूळ सापडेना. पहिल्या दुरुस्तीवाल्याने पेटी दुकानात ठेवून घेतली, विंडोज नव्याने भरले, पाचशे रुपये घेतले. दुकानात आमच्यासमोर चालवून दाखवले, अक्षरे आरशासारखी लख्ख. घरी आणले, दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, विंडोज दहा आता बंद झाले आहे, त्यामुळे असे होते. ही गोष्ट अर्धवट आहे. विंडोज दहाला कंपनीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याचा विचार करायलाच हवा. पण पाठिंबा संपला म्हणून पडद्याचे आकडे विसरले जात नाहीत. त्याने अडीच हजारांचे ग्राफिक्स कार्ड बसवायला सांगितले. आम्ही पुढच्या भिशीचा हिशेब मांडायला लागलो होतो.

तेवढ्यात मुलीनेच प्रश्न काढला, 'दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, तर दुकानात काय गेलं नव्हतं?'

दुकानात फक्त पेटी गेली होती. दुरुस्तीवाल्याने ती आपल्या मॉनिटरला, आपल्या केबलने जोडली होती. आमचा मॉनिटर, आमची केबल आणि आमचे टेबल ही तिन्ही घरीच होती. त्यांच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते.

मग तिने वहीच्या मागच्या पानावर रोज नोंद सुरू केली. काय लक्षात राहिले, काय विसरले. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झाले. आजोबांचा फोटो रोज जागेवर असे. मॉनिटरच्या खालच्या बटणांनी कमी केलेला उजेड तसाच राही. घड्याळ-तारीख बरोबर. विसरले जात होते ते फक्त पडद्याचे आकडे आणि त्याबरोबर अक्षरांचे १२५ टक्के केलेले मोठेपण. या नोंदींतून बरेच काही सुटते. फोटो टिकतो, म्हणजे वापरणाऱ्याचे खाते आणि हार्ड डिस्क शाबूत. घड्याळ मागे पडत नाही, म्हणजे आत मदरबोर्डवर असतो तो तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल शाबूत. उजेड मॉनिटर स्वतःच्या स्मरणात ठेवतो, म्हणजे मॉनिटरही ठीक. पेटी आणि मॉनिटर दोन्ही शहाणे असतील तर मधल्या वाटेवर शंका घ्यावी.

वहीत आणखी एक गोष्ट निघाली. आठ दिवसांत दोन सकाळी अक्षरे आपोआप नीट होती. त्या कोणत्या? आदल्या रात्री आमच्यापैकी एकाची रात्रपाळी होती त्या. रात्रपाळी असली की खोलीत एक माणूस कमी, अंथरुणाला जागा पुरते, टेबल हलवावे लागत नाही. एरवी रोज रात्री आम्ही संगणकाचे टेबल भिंतीला टेकवून सरकवतो आणि सकाळी पुढे ओढतो. पेटीच्या मागे केबलचा जो निळा प्लग असतो तो रोज रात्री भिंतीवर दाबला जात होता. त्याला दोन्ही बाजूंनी आवळायचे स्क्रू असतात. त्यातला एक तर आमच्याकडे आला तेव्हापासूनच गळालेला होता.

संगणक बंद करून, भिंतीतला प्लग काढून आम्ही ती केबल सोडवली आणि मोबाईलच्या टॉर्चने आत पाहिले. तीन ओळींत पाच-पाच अशा पंधरा बारीक पिना असतात. (नववी पिन काही चांगल्या केबलांतही मुळातच नसते. ती नाही म्हणून घाबरू नये.) आमच्या केबलमध्ये तिसऱ्या ओळीतली दुसरी, म्हणजे बारा नंबरची पिन वाकून अर्धी आत गेली होती. प्लग जोरात दाबला की टेके, सैल झाला की सुटे.

आता तुम्ही विचाराल, पिन सुटली तर चित्रच कसे दिसत होते? हीच खरी गंमत आहे. या केबलची पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली, तिला व्हीजीए म्हणतात. तिच्यात पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. तेरा आणि चौदा या चित्राची ओळ आणि पान कुठे सुरू करायचे ते सांगतात. एखाद्या रंगाची पिन तुटली तर पडदा पिवळा किंवा जांभळा होतो आणि कुणाच्याही लक्षात येते. बारा आणि पंधरा या पिनांचे काम निराळे आहे. त्यांच्यावरून मॉनिटर संगणकाला आपली ओळख देतो, मी अमुक कंपनीचा, अमुक वर्षी बनलेला, माझ्या ठिपक्यांच्या रांगा इतक्या. ही ओळखचिठ्ठी कशी असावी याचा नियम व्हेसा या संस्थेने १९९४ साली ठरवला, ईडीआयडी हे तिचे नाव. मूळ चिठ्ठी अवघ्या १२८ बाइटांची, म्हणजे पोस्टकार्डावरच्या चार ओळींएवढा मजकूर. संगणक सेटिंग लक्षात ठेवतो ते या ओळखीच्या नावावर ठेवतो. चिठ्ठी पोहोचली नाही तर समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. मग तो कुठल्याही मॉनिटरला सोसेल असे जुने, सुरक्षित माप निवडतो, बहुधा १०२४ बाय ७६८. म्हणजे तो काही विसरत नव्हता. आमच्या मॉनिटरची नोंद त्याच्यापाशी होतीच, पण रोज सकाळी तो मॉनिटर त्याला परका वाटत होता.

याची खात्री पेटी न उघडताही करता येते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर या नावाखाली पाहावे. ओळख पटली असेल तर मॉनिटरचे नाव किंवा 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' असे दिसते. मध्ये 'नॉन' हा शब्द लागला, 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असे दिसले, की चिठ्ठी पोहोचत नाही असे समजावे आणि आधी केबल तपासावी. जुन्या पेटीचे तोंड एक आणि नव्या मॉनिटरचे दुसरे, म्हणून मध्ये छोटा जोडतुकडा लावलेला असतो. तोही कधी ही चिठ्ठी अडवतो. नवी केबल आम्हाला दीडशे रुपयांना मिळाली. त्या दिवसापासून एकदाही आकडे बदललेले नाहीत.

ही गोष्ट शेजारीपाजारी कळली आणि दोघे-तिघे आपलीही तक्रार घेऊन आले. सगळ्यांचे दुखणे वरवर एकच असले तरी कारण निराळे निघाले, म्हणून थोडक्यात सांगतो. एका घरात फोटो, आकडे, अक्षरांचा आकार, सगळेच पुसले जाई. संगणक सुरू करताना कोपऱ्यात इंग्रजीत सूचना येई आणि मुले ती न वाचता बंद करीत. 'तुम्ही तात्पुरत्या खात्यात आला आहात, बाहेर पडताच बदल नष्ट होतील' असा तिचा अर्थ होता. ही सूचना गंभीर आहे. मूळ खाते उघडत नसते म्हणून तात्पुरते उघडते, आणि त्यात साठवलेले कागदही बाहेर पडताच जातात. अशा वेळी सेटिंगच्या मागे न लागता प्रथम सगळे कागद पेनड्राइव्हवर घ्यावेत, मग खाते दुरुस्त करावे किंवा नवे काढावे. दुसऱ्या घरी नुकतेच विंडोज भरलेले होते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हरच घातलेला नव्हता. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव दिसते. पेटीवरचा मॉडेल नंबर घेऊन त्या बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला की काम होते. त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी तक्रार विहारातल्या अभ्यासिकेची. तिथे एका संस्थेने चार जुने संगणक दिले आहेत. ते रोज सकाळी अगदी कोरे होऊन उठत. सेटिंग तर जाईच, पण एका मुलाने डेस्कटॉपवर ठेवलेला भरतीचा अर्धा भरलेला अर्ज आणि सही-फोटो हेही गेले. मुलगा रडकुंडीला आला, कारण शेवटच्या तारखेला एकच दिवस उरला होता. तो बिघाड नव्हता. प्रशिक्षण वर्गातले, सायबर कॅफेतले संगणक मुलांनी बिघडवू नयेत म्हणून असा एक प्रोग्राम घातलेला असतो, की पुन्हा सुरू करताच संगणक ठरवलेल्या मूळ स्थितीवर येतो. देणाऱ्यांनी तो काढला नव्हता, आणि त्याचा पासवर्डही त्यांच्याकडेच होता. आम्ही त्यांना फोन करून पासवर्ड मागून घेतला. दान घेतले म्हणून विचारायचे नाही, असे कुणी समजू नये. अर्ज मुलाने रात्री बसून पुन्हा भरला आणि या वेळी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवला. अशा सार्वजनिक संगणकावर कुठलाही कागद ठेवून घरी जाऊ नका, एवढे मुलांना जरूर बजावावे.

घरात आता आजीची मागणी वाढली आहे. १२५ टक्क्यांवर ती समाधानी नाही. विंडोज दहामध्ये 'ईज ऑफ ॲक्सेस' या भागात फक्त अक्षरे मोठी करण्याची सरकपट्टी आहे, १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत. तिचा फायदा असा की ही खूण मॉनिटरच्या नव्हे तर माणसाच्या खात्यावर राहते, म्हणून केबलने दगा दिला तरी ती टिकते. आजीसाठी आम्ही तिचे वेगळे खाते काढले आणि सरकपट्टी १६० वर नेली. नातीचे खाते तिच्या मापाने, आजीचे तिच्या. वर्तमानपत्र वाचताना कंट्रोल दाबून अधिकचे चिन्ह दाबायचे हेही ती शिकली. मुलीने परीक्षेचा फॉर्म भरला आहे. वेग तिशीला टेकला आहे. 'ष्ट' आणि 'ष्ठ' अजून कधी चुकतात, पण त्या चुका आता आजी काढते.

टेबल रोज रात्री सरकवावे लागतेच, खोली काही मोठी झाली नाही. प्लग भिंतीवर दाबला जाऊ नये म्हणून टेबलाच्या मागे दोन्ही पायांना जुन्या पाटाची फळी चिरून ठोकली. त्यामुळे टेबल भिंतीपासून चार बोटे अलीकडेच अडते आणि अंथरूण तेवढे आखूड पडते. ज्याची दिवसपाळी असते तो पाय दुमडून झोपतो.